सात घरांतून परत मागितलेली मोहफुलं

आमच्या गावातून कोणी नुसतं हिंडायला गेल्याचं मला आठवत नाही. माणसं गाव सोडतात ती कामासाठी, दवाखान्यासाठी, नाहीतर लग्नासाठी. कुरखेड्याच्या पुढं जंगलात आमचं गाव. तिथून वडसा स्टेशन गाठायचं तर बसची वाट पाहण्यातच अर्धा दिवस जातो. त्यामुळं मी आणि माझे घरवाले, दोघं नवरा-बायको, आठ दिवस कोकणात राहून आलो, आणि कशासाठी, तर नुसतं राहायला, हे लोकांना पटत नाही. अजूनही बाया विचारतात, "खरं सांग कांता, डॉक्टरले दाखवाले गेलती ना?"

म्हणून लिहून काढते आहे. माझी शाळा चौथीत सुटली. कुठं चुकलं तर सांभाळून घ्यावं.

गवस सर आमच्या शाळेत सात वर्षं होते. त्यांचा डबा माझ्याकडं. पहिल्या दिवशी मी लाखोळीची डाळ आणि भात पाठवला, तर बिचारे डब्याकडं पाहत बसले होते म्हणे. त्यांना मासळी पाहिजे, नारळ पाहिजे. इथं कुठून आणू? पण मग शिकले खायला. आणि मला वाचायला शिकवलं. म्हणजे अक्षरं येत होती, पण जोडून वाचायची सवय मोडली होती. डबा घेऊन गेले की सर वर्तमानपत्र पुढं करायचे, "मावशी, एक बातमी वाचा, मग डबा उघडतो." सर उपाशी राहतील या भीतीनं मी वाचायला लागले.

पुढं त्यांची बदली त्यांच्याच जिल्ह्यात, सिंधुदुर्गात झाली. दर उन्हाळ्यात फोन यायचा, "मावशी, यंदा या." यंदा त्यांनी तिकिटंच काढून पाठवली.

जाताना

तिकिटं आली त्या दिवसापासून माझी झोप उडाली. घराला कोण पाहील, बकऱ्या कोण सोडील, समुद्राचं पाणी अंगणात येते का, तिथल्या लोकांची भाषा आपल्याला समजंल का. घरवाले म्हणाले, "एवढी भीती वाटते तं नको जाऊ, मी एकटा जातो."

रिकाम्या हातानं जाणं मात्र शक्य नव्हतं. सरांना मोहफुलांचे लाडू फार आवडायचे. यंदाची वेचलेली फुलं चांगली कडक वाळली होती. सात-आठ किलो कापडी थैलीत भरली, तोंड शिवून टाकलं. नागपूरच्या पुढं डब्यातला एक माणूस सारखा नाक ओढत होता. शेवटी त्यानं विचारलंच, "ताई, थैलीत दारू आहे का?" मी शरमेनं लाल झाले. घरवाले म्हणाले, "आजून झाली नाई. आजून फूलच हाये." सगळा डबा हसला. मग मी शिवण उसवून सगळ्यांना दोन-दोन फुलं चाखायला दिली.

मडगावला उतरलो. सर गाडी घेऊन आले होते. वाटेत गोवा कधी संपला आणि आपलं राज्य कधी लागलं ते मला कळलं नाही. सर म्हणाले, "तो ओढा गेला ना, तिथं."

वाडी

दोडामार्ग तालुक्यातली ती वाडी म्हणजे डोंगराच्या पायथ्याला आठ घरं. पूर्वेला सह्याद्री असा उभा, की सकाळी ऊन उशिरा येते. त्याच्या वर कर्नाटक. आमच्याकडंही डोंगरापलीकडं दुसरं राज्य आहे, पण आमचे डोंगर बसलेले असतात, हे उभे आहेत. घरं लाल चिऱ्याची, वर कौलं, पुढं पडवी, मागं पडवी. आणि झाडं घराच्या एवढी जवळ, की पिकलेला फणस पडला तर कौलावरच पडंल.

सरांची आई सत्तरीची, बारीक, कमरेत वाकलेली. आम्ही पायरी चढतो न चढतो तोच तिनं माझे दोन्ही हात धरले. "माझ्या झिलाक सात वरसां जेवण घातलंस गो तू. बस. आता आठ दिवस तुझ्या हातान पाणी पण घेवचा नाय."

तिची भाषा मला पहिल्या दिवशी अर्धी समजली, दुसऱ्या दिवशी पाऊण. आणि तिनं खरंच मला पाणी घेऊ दिलं नाही. माझी तर पंचाईत झाली. एवढ्या वर्षांत कोणी वाढलेलं ताट पुढं आलं की मी उठून दुसऱ्याला द्यायची. इथं उठले की म्हातारी खांद्यावर हात ठेवून खाली बसवायची.

भात त्यांचाही, भात आमचाही, तेवढी ओळख पुरली. पण तो लाल आणि जाड. बरोबर मासळीचं तिखलं, ओल्या काजूची उसळ, आणि गुलाबी सोलकढी, जी घरवाल्यांनी पहिल्यांदा हात धुवायचं पाणी समजून बाजूला ठेवली. सकाळी सायकलवाला भोंगा वाजवत आला, आईनं पाव घेतले. घरवाले हळूच मला म्हणाले, "सकाळीसकाळी पाव? घरात कोणी बिमार हाये का?" आमच्याकडं पाव तापकऱ्याला देतात. इथं धडधाकट माणसं रोज खातात.

आणखी एक गोष्ट मला खटकली. दिवस मावळल्यावरही बाया एकट्या झऱ्यावर जात. आमच्याकडं वाघाच्या धास्तीनं ती वेळ घरात बसायची. मी विचारलं, तर आई म्हणाली, "वाग खंयचो आता?" मला बरं वाटलं. म्हटलं, चला, बिनभीतीच्या मुलखात आलो.

मोहफुलांची थैली मी पहिल्याच संध्याकाळी दिली. सरांनी तोंड घालून वास घेतला आणि दोन फुलं तोंडात टाकली. आईनं मूठभर फुलं हातात घेतली, वासानं डोळे मिटले, आणि मग केळीची पानं फाडून सात पुड्या बांधायला बसली.

मी म्हटलं, "आई, हे तं तुमच्यासाठी हाये."

"वाडीत आणखी सात घरा आसत. पाव्हण्यान हाडलेला एकट्यान खावचा नसता."

ती पुड्या वाटून आली आणि मी मनात फुलून गेले. खोटं कशाला सांगू? आमच्या जंगलातलं फूल एवढ्या दूर सात घरांत गेलं. राहिलेली फुलं दमट हवेनं मऊ पडायला लागली होती, ती आईनं टोपलीत पसरून मागच्या पडवीत वारा लागेल अशी ठेवली.

तिसरा दिवस

तिसऱ्या दिवशी सकाळी आई मला तिची बाग दाखवायला घेऊन गेली. घरामागं उतार, उतारावर सुपारीच्या पोफळी आणि केळी, खाली नदी. बागेच्या खालच्या अंगाला केळी आडव्या झोपल्या होत्या, वाळून गेलेल्या. एक पोफळ अर्ध्यात मोडलेली. आणि वाटेवर शेणाचा वाळलेला गोळा, टोपल्याएवढा.

असा गोळा मी ओळखते.

"आई, हे काय हाये?"

"हत्ती गो. दुसरो कोण?" ती गवत दाखवावं तशी म्हणाली. "गेल्या म्हयन्यात इलेले. पन्नास केळी झोपवल्यानी. फणस पिकले की घाटावरसून उतरतत. आता पलीकडच्या वाडीत आसत म्हणान सांगत होते."

मी तिथंच बांधावर बसले.

इथं आमच्या गावचं सांगावं लागंल. माझ्या सासूच्या काळात आमच्या जंगलात हत्ती नव्हता. हत्ती पुस्तकात. मग छत्तीसगडाकडून कळप आला. आम्ही नवे, तेही नवे. भात खाल्ला, ते समजलं. पण एकदा त्यातला एक आमच्या घराच्या मागल्या भिंतीपाशी आला आणि त्यानं भिंत ढकलून दिली. आत काय होतं? मोहफुलांचं पोतं. त्या भिंतीला लागून सासूची खाट असायची. ती दोन दिवस नणंदेकडं गेली होती, म्हणून आज आहे. खाटेचा एक पायही जाग्यावर राहिला नाही. त्या दिवसापासून आमच्या गावात कोणी मोह घरात ठेवत नाही. गावापासून दूर शेतातल्या मांडवात ठेवतात. हत्तीला मोहाचा वास कुठून कुठं जातो, त्याचा नेम नाही.

सर गेले तेव्हा आमच्याकडं हत्ती यायचे होते. त्यांना हे माहीत नाही. आणि त्यांच्या घरामागं हत्ती येतात हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, कारण आईसारखंच त्यांनाही ते सांगण्यासारखं वाटलं नसंल.

मी धावत वर आले. घरवाले पडवीत सुपारी कातरत होते. त्यांना बाजूला घेतलं.

"अजी, इथी हत्ती हायेत. आन् आपला मोह आठही घरात हाये."

त्यांचा अडकित्ता थांबला. म्हणाले, "गप राय. पाच दिवस राह्यले. सांगशील तं म्हणतील, पाहुणी आली आन् हत्ती घेऊन आली."

"आन् भिंत पडली तं?"

"नाई पडत. त्याईले फणस हाये ना खायले."

"तुमच्या मायच्या खाटेचं काय झालं, तुमीच उचलली ना ते लाकडं?"

 त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. मी त्याला हो समजले.

सर आणि आई दोघांना बसवून सांगितलं.  सरांचा चेहरा उतरला. आई मात्र उठली, छत्री घेतली. "सात घरा. चल. तू घरात बस म्हणाले असते, पण तुका काय म्हायती ता माका सांगूक येवचा नाय."

सरही बरोबर निघाले. दिलेली वस्तू परत मागायला जाणं काय असतं ते मी त्या दिवशी शिकले. पहिल्या घरी फुलं देव्हाऱ्यात गणपतीपुढं ठेवली होती. ती बाई म्हणाली, "देवाक दाखवलेला कसा देव?" मी हात जोडले, म्हटलं, "देवाले हत्ती ओळखते, बाई, पण तुमाले नाई ओळखत." तिनं हसत पुडी दिली. दुसऱ्या घरी पोरांनी खाऊन संपवली होती. आईनं त्यांच्या सदऱ्यांचे खिसेसुद्धा झटकून पाहिले. एका घरी सुनेनं खिरीत टाकली होती. ती खीर आम्ही तिथंच बसून संपवली. बाईनं आग्रह केला आणि आमचं कामही होत होतं.

शेवटचं घर तात्यांचं. तात्या म्हणजे एकटाच राहणारा म्हातारा, पांढऱ्या मिशा, तोंडानं फटकळ.

"मोह? खंयचो मोह? माका मिळूक नाय."

आईनं नुसतं नाक वर केलं. मागल्या न्हाणीत मडकं होतं, तोंडाला फडकं बांधलेलं. त्यात काजूची बोंडं आणि त्यात आमची फुलं. दोन रात्री झाल्या होत्या. वास असा, की हत्तीचं सोडा, मलाच गावी गेल्यासारखं वाटलं.

"तात्यानू, ह्या ओतूचा लागतला," आई म्हणाली.

"ओतूचा? गावात पहिल्यांदा चांगली वस्तू इली ती ओतूची? त्यापेक्षा मी आत्ता पिवन टाकतंय. मग हत्तीक वास कसो येतलो?"

सर म्हणाले, "मग हत्ती तुमच्या मागे लागेल, तात्या."

सगळे हसले. मला हसू येईना. मी खाली बसून त्यांना खाटेचं सांगितलं. भिंत कशी आतल्या बाजूला पडली, मातीतून सासूचं लुगडं कसं उपसलं, ते सगळं. अर्धी भाषा त्यांना समजली नसंल. पण ते ऐकत राहिले. मग उठले, मडक्याला दोन्ही हात घातले आणि एकटेच नदीच्या वाटेला लागले. सर मदतीला गेले तर म्हणाले, "हात लावू नको. माका काय ती शेवटची सोबत करूक दी."

मडकं आणि न्हाणी दोन्ही घासून झाली तेव्हा दुपार टळली होती.

समुद्र

टोपलीतली आणि परत मिळालेली फुलं थैलीत भरली, पण त्यांचं करायचं काय? पुरली तर हत्ती उकरतो. जाळली तर वास चौपट. सर म्हणाले, "समुद्र तुम्हाला दाखवायचाच होता. आजच जाऊ. तिथं हत्ती नाहीत."

शिरोड्याच्या बाजूचा तो किनारा. तासा-सव्वा तासाचा रस्ता. मी थैली मांडीवर घेऊन बसले होते. सुरूची झाडं संपली आणि पुढं काहीच नव्हतं. म्हणजे पाणी होतं, पण पलीकडचा काठ नव्हता. वैनगंगेला पूर आला तरी पलीकडं झाडं दिसतात. इथं नजरेला टेकायला जागा नाही.  घरवाले चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यात उभे, आणि दर लाटेला मागं पळत होते.

मी थैलीचं तोंड उघडलं. मोहाचं फूल टाकून द्यायचं, हे माझ्या जिवावर आलं होतं. आमच्याकडं उपासमारीच्या वर्षात त्यानं माणसं जगवलेली. तरी मूठ भरली आणि लाटेत टाकली. लाट गेली, वळली, आणि सगळी फुलं माझ्या पायाशी आणून ठेवली. परत टाकली. परत आणून दिली.

"अवो, त्यालेही नाई पायजे," घरवाले म्हणाले.

पाटी घेऊन एक मासेविकणारी बाई आमच्याकडं पाहत उभी होती. धंदा आटोपून घरी निघालेली. तिनं एक फूल उचललं, तोंडात घातलं, चावलं.

"मनुका कित्याक टाकतंस गो?"

मी सांगितलं, हा मोह, आणि कशासाठी टाकते तेही. ती कमरेवर हात ठेवून हसली. "हत्ती हयसर येवक त्याका होडी व्हयी. हाड हयसर." तिनं पाटी खाली ठेवली. मी थैली तिच्या पाटीत रिकामी केली. भाजायची कशी, गुळात लाडू कसे वळायचे, ते सांगितलं. तिनं बदल्यात उरलेले चार बांगडे पानात बांधून दिले. नको म्हणू दिलं नाही. पायाशी आलेली फुलंही तिनं वाकून वाकून वेचली, खाऱ्या पाण्याची, तशीच.

त्यानंतरच मी समुद्राकडं नीट पाहिलं. सूर्य पाण्यात बुडेपर्यंत बसलो. घरवाल्यांनी पाणी चाखलं आणि थुंकलं.

चौथी सकाळ

त्या रात्री मला झोप येणार नाही असं वाटलं होतं. पण दिवसभराच्या दमणुकीनं ढाराढूर झोपले. जाग आली ती माणसांच्या आवाजानं.

हत्ती आला होता. एकटा. खालच्या बाजूचा फणस ओरबाडलेला, सालं विखुरलेली, आणि आईच्या उरलेल्या केळी, बारा, आडव्या. मी आईकडं पाहिलं. ती पदर खोचून केळीच्या एका पानातला चिखल पुसत होती.  म्हटलं, आलाच. आपल्या पायानं आला.

वनरक्षक आले, तरुण माणूस. आधी केळी मोजल्या, मग मातीवर वाकले. पावलं नदीतून वर आलेली, फणसाखाली, केळीत. तिथून सरळ घराकडं. मागच्या पडवीपासून पंधरा पावलांवर, कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी, माती जास्त खोल दबलेली होती. चारही पाय एका जागी. तिथून मागं वळून पावलं नदीकडं गेलेली.

"इथं बराच वेळ थांबलाय," वनरक्षक म्हणाले.

मी विचारलं, "काऊन थांबला असंन जी?"

"सोंड वर करून हवा घेतात. काही मिळालं नाही की वळतात." मग वहीतून डोकं वर करून त्यांनी आईला विचारलं, "घरात काही वासाचं ठेवलं होतं का?"

आईनं तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "हो. मोहफुलं होती. या पडवीतच होती. मी आणली होती. काल काढून टाकली."

वनरक्षक एकदा त्या दबलेल्या मातीकडं आणि एकदा पडवीकडं पाहत राहिले. पडवीच्या त्याच भिंतीआड आई झोपते. त्यांनी काही लिहिलं नाही. फक्त म्हणाले, "बरं केलंत."

मी आईपुढं उभी राहिले. मला माफी मागायची होती. ती म्हणाली, "केळी काय, परत येतत. तो माझ्या फणसाक दर वरसा येता. भिंतीपर्यंत येवन परत गेलो तो तुझ्यामुळा. आता बांगडे तळ, आज तुका चुलीकडे येवक देतंय."

त्या दिवशी मी तिच्या घरात पहिल्यांदा स्वयंपाक केला.

निघताना

आठव्या दिवशी निघालो तेव्हा सातही घरांतून काहीनाकाही आलं. आमसुलं, काजू, फणसाचे तळलेले गरे, कुळथाचं पीठ. आमची रिकामी थैली पुरेना, आईनं आणखी एक दिली. गाडी सुरू झाली तेव्हा तात्या काठी टेकत आले. हातात केळीच्या पानाची पुडी, दोऱ्यानं घट्ट बांधलेली. आत कोकमाचं वाळवण होतं.

त्यांनी पुडी खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवली.

"घे. आणि ह्यां परत मागूक मी येवचंय नाय. मी काय तुझ्यासारखो नाय."